९.९ घोडे आणि एक बैल

इंजिनियर झालेल्या मुलाला गावाकडे सगळं येतं असं समजतात. दोंडाईच्याला घरी गेलो की शेजारच्या काकूंचा मिक्सर, वडिलांच्या मित्राचा प्रिंटर, कुणाच्या तरी इन्व्हर्टरची बॅटरी असं सगळं माझ्यासमोर हजर होतं. मी कॉम्प्युटरवाला आहे, पुण्यात बसून कोड लिहितो, मिक्सर उघडला तर परत बंद होणार नाही, हे सांगून काही उपयोग नसतो. आणि खरं सांगू का, आपल्यालाही मनातून बरं वाटत असतं. तेवढाच भाव.

तर झालं असं की, गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मामाचा फोन आला. मामाचं गाव तापीच्या काठावर. दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालात की सारंगखेड्याला तापीवरचा पूल लागतो. तिथे बॅरेज आहे. पावसाळा सरला की दरवाजे बंद होतात आणि वरच्या बाजूला लांबपर्यंत पाणी तुंबून राहतं. मामा आणि त्याचे दोन जोडीदार त्या पाण्यात मासेमारी करतात. रोहू, कटला, मृगळ. वीस वर्षं वल्ही मारून मारून मामाचे खांदे गेलेत. म्हणून तिघांनी ठरवलं, होडीला मशीन लावायचं. पतसंस्थेकडून कर्ज मंजूर झालं होतं. मशीन कोणतं घ्यायचं ते मी सांगायचं.

आउटबोर्ड मोटर मी तोपर्यंत फक्त गोव्याच्या बीचवर पाहिली होती. पण हा विषय म्हणजे आमच्यासारख्यांचा जीव की प्राण! शनिवारी सकाळी चहा घेऊन एक्सेल शीट उघडली. पहिल्या रकान्यात मॉडेल, मग हॉर्सपॉवर, वजन, टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक, किंमत, आणि शेवटी माझा खास रकाना, दर हॉर्सपॉवरला किती रुपये पडतात. टॉर्कसाठीही एक रकाना केला होता, पण तो रिकामाच राहिला. मोटरसायकलच्या माहितीपत्रकात टॉर्क ठळक छापलेला असतो, आउटबोर्डच्या माहितीपत्रकात बहुतेक ठिकाणी तो नसतोच. हॉर्सपॉवर असते आणि फुल थ्रॉटलला इंजिन किती आरपीएमच्या दरम्यान फिरलं पाहिजे ते असतं, बस. मी तो रकाना डिलीट केला. (हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.)

रविवारी रात्रीपर्यंत निकाल लागला. एक चांगल्या नावाची ९.९ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर. मामाला म्हटलं, "दहा घोडे लागतील होडीला, बघच तू." मामा हसला. मी पण.

टॉर्क मोठा की पॉवर, हा वाद आपल्या पिढीने बाईकवर बसून घातलेला आहे. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तर तो रोजच रंगतो. क्लासिक ३५० वाला म्हणतो, माझी पॉवर २० असली म्हणून काय झालं, टॉर्क २७ न्यूटन-मीटर आहे. ड्यूक २०० वाला म्हणतो, तुझा टॉर्क ठेव तुझ्याजवळ, माझी पॉवर २५ आहे, टॉर्क १९ असला तरी चालेल. दोघंही आकडे बरोबर सांगतात आणि कुणीच हरत नाही. म्हणून थोडं मुळात जाऊ. बारावीचं फिजिक्स आहे, घाबरू नका.

टॉर्क म्हणजे पीळ. पान्याने नट सोडवताना आपण जो लावतो तो. पॉवर म्हणजे तो पीळ किती भरभर लावला जातो. सूत्र एवढंच: टॉर्क (न्यूटन-मीटरमध्ये) गुणिले आरपीएम भागिले ९५४९, की किलोवॉट मिळतात. आणि हॉर्सपॉवर? ती जेम्स वॉटची देणगी. वाफेची इंजिनं घोड्यांच्या जागी विकायची, तर ती किती घोड्यांचं काम करतात हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं, म्हणून त्याने हे माप काढलं. मेट्रिक हिशेबात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं की एक हॉर्सपॉवर.

आता एक गंमत बघा. तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल आठवा. समजा तो ५० किलोच्या जोराने ओढतोय आणि लाट तीन मीटर लांब आहे. म्हणजे टॉर्क झाला साधारण १५०० न्यूटन-मीटर! टोयोटा फॉर्च्युनरच्या ऑटोमॅटिक डिझेलचा टॉर्क ५०० आहे. म्हणजे आमचा बैल फॉर्च्युनरच्या तिप्पट. पण बैल मिनिटाला फेऱ्या घालणार दोन-अडीच. सूत्रात घाला, पॉवर येते जेमतेम अर्धा हॉर्सपॉवर. म्हणजे नुसता टॉर्कचा आकडा काहीच सांगत नाही. गिअर लावून टॉर्क हवा तेवढा वाढवता येतो, फक्त तेवढा वेग सोडावा लागतो. पॉवर मात्र कुठल्याही गिअरने वाढत नाही. उलट थोडी खर्चच होते. त्यामुळे मी हॉर्सपॉवर बघून मोटर घेतली ते तत्त्वतः बरोबरच होतं.

तत्त्वतः!

मोटर आली. दसऱ्याला तिला हार घातला, नारळ फोडला. मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. रिकामी होडी, मामा एकटा, पाणी कापत चाललाय. मी तो ऑफिसात चार जणांना दाखवला.

दिवाळीला घरी आलो तेव्हा भेटायला गेलो. मामा नेहमीसारखाच बोलला. मोटरचं विचारलं तर म्हणाला, "मशीन चांगलं शे भाऊ. पन ते पानीले घाबरस." मला वाटलं गंमत करतोय. मामी काहीच बोलली नाही. खरं काय ते मामेभावाने परत येताना मोटरसायकलवर सांगितलं. आठ दिवसांपूर्वी संध्याकाळी तिघं जाळी काढायला गेले. परतताना होडीत तीन माणसं, ओली जाळी आणि मासळी, आणि समोरून वारा सुटलेला. मोटर फुल केली तरी होडी पुढे सरकेना. नुसती घुमायची, धूर काढायची, आणि वारा होडीला आडवी लोटायचा. शेवटी मोटर बंद करून तिघांनी वल्ही काढली. पूर्वी त्या ठिकाणाहून यायला पाऊण तास लागायचा, त्या दिवशी अडीच तास लागले. अंधार पडलेला. मामी टॉर्च घेऊन काठावर उभी. त्यानंतर मामा लांब जातच नव्हता. हप्ता मात्र चालू झाला होता.

मामाने मला हे सांगितलं नाही, कारण भाच्याने मोटर निवडली होती. भाच्याला वाईट वाटलं असतं.

त्या रात्री झोप आली नाही. च्यायला, आपल्या कोडमध्ये बग निघाला तर फार फार तर रात्री दोन वाजता कॉल येतो, शिव्या पडतात, सोमवारी पॅच जातो. इथे माझ्या एक्सेल शीटमधल्या बगमुळे तीन माणसं अंधारात पाण्यावर अडकली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि पहिल्यांदाच ती होडी नीट बघितली. फायबरची, साधारण अठरा फुटी, जड बांधणीची. बाजारात एक स्वस्तातला डिजिटल टॅकोमीटर मिळतो. त्याची वायर स्पार्क प्लगच्या केबलभोवती गुंडाळली की आरपीएम दिसतात. तो मागवला होता, तो लावला. रिकाम्या होडीत मोटर छान वर गेली. मग तिघं बसलो, ओली जाळी भरली आणि थ्रॉटल पूर्ण पिळला. आकडा ४००० च्या आसपास जाऊन थांबला, पुढे सरकेचना. माहितीपत्रकात लिहिलं होतं, फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० च्या दरम्यान.

इथे आपलं सूत्र कामाला आलं. ९.९ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७.३ किलोवॉट, साधारण ५५०० आरपीएमला. त्यावरून टॉर्क निघतो पावणेतेरा न्यूटन-मीटरच्या आसपास. (मी डिलीट केलेला रकाना तो हाच. एका ओळीत भरता आला असता.) टॉर्क साधारण तेवढाच धरला आणि इंजिन ४००० च्या वर जातच नाही म्हटलं, तर पॉवर उरते सात हॉर्सपॉवर. म्हणजे दहा घोड्यांपैकी तीन घोडे तबेल्यातून बाहेर निघतच नव्हते. झाकणावरचा ९.९ हा आकडा खोटा नव्हता. तो ५५०० ला खरा होता, आणि आमची मोटर ५५०० पाहतच नव्हती.

का पाहत नव्हती? तर आउटबोर्डची रचनाच तशी आहे. हे यंत्र लोकप्रिय केलं ते ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या, अमेरिकेत मिलवॉकीला राहणाऱ्या माणसाने, १९०९ साली. त्याची पहिली मोटर दीड हॉर्सपॉवरची होती. त्याच्या नावाच्या मोटरी २०२० मध्ये बंद झाल्या, पण रचना आजही मूळ तीच आहे. वर इंजिन, त्यातून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी दोन कोनी गिअर, आणि त्यावर पंखा. पुढे जायला गिअर एकच! घाटात बाईक दमली की आपण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येतो. पीळ वाढतो, इंजिन पुन्हा वर फिरायला लागतं. होडीत ही सोयच नाही. तिथे गिअर बदलायचा तर पंखा बदलावा लागतो.

पंख्याला दोन मापं असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे लाकडात स्क्रू फिरवावा तसा पंखा एका फेरीत सैद्धांतिकदृष्ट्या किती पुढे जाईल ते. आमच्या मोटरबरोबर आलेला पंखा ९ इंची पिचचा होता. गिअरचं प्रमाण २.०८. म्हणजे इंजिन ५५०० ला असताना पंखा फिरणार मिनिटाला साधारण २६४० वेळा. त्याला ९ इंचांनी गुणा, ताशी ३६ किलोमीटर होतात. हा पंखा हलक्या, पाण्यावर उसळून पळणाऱ्या होडीसाठी होता. आमची अठरा फुटी भरलेली होडी पाणी बाजूला सारत चालणारी. अशा होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. अठरा फुटांना तो येतो ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे कितीही जोर लावा, होडीचा मागचा भाग खाली बसतो आणि समोर लाट उभी राहते. थोडक्यात काय, मी मामाला भरलेल्या बैलगाडीसाठी टॉप गिअर दिला होता. तोही अडकवून.

मुंबईच्या एका पार्टवाल्याचा नंबर मिळाला. फोन लावला आणि माझा अभ्यास ऐकवायला सुरुवात केली, टॉर्क, गिअर रेशो, आरपीएम. त्याने मध्येच थांबवलं.

"साहेब, होडी किती फुटी?"

"अठरा."

"भरल्यावर वजन?"

मी गप्प. मामाकडे बघितलं. मामाने क्षणात सांगितलं. तीन माणसं, सुकी जाळी अमुक, ओली तमुक, चांगला दिवस असेल तर मासळी एवढी. किलोच्या हिशेबात सगळं त्याच्या तोंडावर होतं. फक्त ते त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी तर नाहीच.

"साडेसहा पिचचा पंखा लावा," तो म्हणाला. "पळणार नाही, पण ओढेल."

पंखा कुरिअरने दोंडाईच्याला आला. किंमत मोटरच्या मानाने किरकोळ. बसवायला पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा कॉटर पिन शोधण्यात गेली. पुन्हा तिघं, पुन्हा तीच ओली जाळी. टॅकोमीटर ५१०० वर गेला. सूत्रात घातलं, नऊ हॉर्सपॉवरच्या वर. इंजिन तेच, पेट्रोल तेच, टॉर्कही तोच. तरी होडी निघाली. वारा समोरूनच होता. मामाने काठाकडे तोंड करून सरळ रेषेत होडी आणली. बोलला काही नाही. मी पण नाही.

घरी येऊन शोधलं तर कळलं, हे शहाणपण कंपन्यांना आधीपासून आहे. उदाहरणार्थ यामाहाच्या साध्या ९.९ मध्ये गिअरचं प्रमाण २.०८ आहे, आणि तिचीच हाय थ्रस्ट नावाची एक बहीण आहे, तिच्यात २.९२. हॉर्सपॉवर दोघींची ९.९ च. पण दुसरीत पंख्याच्या दांड्यावरचा पीळ चाळीस टक्के जास्त आणि फेऱ्या तेवढ्याच प्रमाणात कमी. मग तिला मोठ्या व्यासाचा पंखा लावता येतो. मोठा पंखा भरपूर पाणी सावकाश ढकलतो, छोटा थोडं पाणी जोरात उडवतो. होडी सावकाश चालणारी असेल तर त्याच ताकदीत पहिला जास्त रेटा देतो, कारण पाणी जोरात उडवण्यात बरीच ताकद वाया जाते. जड होडी, तराफा, शिडाच्या नौका यांच्यासाठी ती मोटर असते. माझ्या एक्सेल शीटमध्ये या दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या असत्या तर ९.९ आणि ९.९ म्हणून मी त्यातली स्वस्त उचलली असती.

मग टॉर्क की पॉवर? इतकं सगळं होऊन माझं उत्तर असं आहे की, भांडणाची जागाच चुकते. किती वजन किती वेगाने जाईल त्याची मर्यादा पॉवर ठरवते. पण ती पॉवर मिळेल की नाही, हे ठरतं मधल्या जोडणीवर, म्हणजे गिअरवर आणि पंख्यावर. आणि जोडणी कशी हवी हे ठरवतं ओझं. मी मोटरची तुलना मोटरशी केली. करायला हवी होती होडीशी. सोळा मॉडेल बघितली, होडी एकदाही बघितली नाही.

आपल्या धंद्यातही हेच चालतं म्हणा. किती कोअर, किती जीबी, किती वर्षांचा अनुभव. आकडे शेजारी शेजारी मांडता येतात म्हणून आपण ते मांडतो, आणि समोरच्याचं काम काय आहे ते विचारायचं राहून जातं. असो. ऑफिस इथे नको.

डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताची. तिथला घोडेबाजार तुम्ही ऐकला असेल, लांबलांबून घोडे येतात. या वेळी मुद्दाम रजा टाकून गेलो. मामाने सगळा बाजार फिरवून दाखवला. मी त्याला फोनवर वाचलेली एक गोष्ट सांगितली. १९९३ साली 'नेचर'मध्ये दोघा शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता की घोडा थोड्या वेळासाठी जवळपास १५ हॉर्सपॉवर देऊ शकतो. त्यांनी आकडे घेतले होते अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या जत्रेतले, वजन ओढायच्या शर्यतीचे. म्हणजे एक घोडा आपल्या मोटरीपेक्षा दीडपट! मामाने ऐकून घेतलं.

पुढे एका ठिकाणी सौदा चालला होता. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघत होतं, खूर उचलून बघत होतं. मालक पांढऱ्या घोड्याला चालवून दाखवायला निघाला, तर त्यानेच आधी विचारलं, "कशासाठी पाहिजे? वरातीला का पळवायला?" गिऱ्हाईक म्हणालं, वरातीला. मालकाने तो घोडा परत बांधला आणि दुसरा सोडला.

मामाने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिचकावले. हा माणूस आठ महिने तरी मला यावरून चिडवणार.

जाताना त्याने होडीचं एक नवीन काम सांगितलं. रात्रीच्या दिव्यासाठी बॅटरी लावायची आहे, कोणती घेऊ? मी फोन बाहेर काढला, परत खिशात ठेवला आणि विचारलं, "दिवा किती वेळ चालवायचा असतो?"